पाण्यात श्वास सोडताना

वयाची पन्नाशी उलटल्यावर आम्ही फ्रीस्टाइल पोहायला शिकलो. कामठीत कन्हान नदीच्या सान्निध्यात वाढूनही पाण्याशी आमचे नाते घागरीपुरतेच होते. “नदीकडे फिरकायचे नाही,” ही आईची ताकीद आम्ही निमूट पाळली.

या पोहण्यात हात चालवणे त्यामानाने सोपे. कठीण आहे तो श्वास. तोंड पाण्यात असताना तो सावकाश सोडायचा आणि अंग कुशीवर वळताच मान न उचलता बाजूने घ्यायचा. मान उचलली की कंबर बुडते, श्वास कोंडला की दम लागतो.

इतिहासाचे अध्यापक म्हणून आम्हांस २० मार्च १९२७ आठवतो. बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. त्या हक्कावर मुंबई उच्च न्यायालयाची मोहोर १७ मार्च १९३७ रोजी उमटली. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे झगडलेल्या समाजाला पाण्यात खेळण्याची उसंत कोठून मिळणार? आमचे भय जन्मजात नव्हते. ते नाकारलेल्या संधीतून आले होते.

आज आम्ही २५ मीटर न थांबता पार करतो. पालकहो, मुलामुलींना जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आताच पोहायला पाठवा. त्यांनी पन्नाशीची वाट पाहू नये.