कोंबडी आणि मासे

भाच्याने कोटाची चेन खाली ओढली आणि पोटाशी चिकटपट्टीने बांधलेला मासा दाखवला. "मावशी, वास येतोय का?" येत होता. फेब्रुवारीची थंडी, आणि आम्ही लायना रिंकच्या दारात तपासणीच्या रांगेत. पिशव्या उघडून बघत होते. कोटाच्या आत कुणी बघितलं नाही.

इथाका हे न्यूयॉर्क राज्यातलं डोंगराळ भागातलं गाव. तिथल्या कॉर्नेल विद्यापीठात भाचा मृदाशास्त्र शिकतो. एका अनुवादाच्या कामासाठी मी महिनाभर त्याच्याकडे होते, आणि त्या रात्री हार्वर्डविरुद्ध आइस हॉकीचा सामना होता. खेळातलं मला काही कळत नाही. मी फक्त विचारलं, मासा कशाला?

तिथे सांगतात ती हकीकत अशी: १९७३ साली हार्वर्डकडच्या कुणीतरी कॉर्नेलच्या गोलरक्षकावर मेलेली कोंबडी फेकली. कॉर्नेलमध्ये शेतकी महाविद्यालय आहे ना, म्हणजे तुम्ही खुराड्यातले. मग हार्वर्डचा संघ इथाकात खेळायला आला, तेव्हा इथल्या पोरांनी मासे फेकले. तुम्ही बॉस्टनच्या बंदराकडचे, घ्या मासळी. ते अजून चालू आहे.

माझ्यातली अनुवादक लगेच जागी झाली. इंग्रजीत कोंबडी म्हणजे भित्रासुद्धा. मराठीत भित्रा असतो तो ससा, नाहीतर भागूबाई. तेव्हा तो अर्धा टोमणा मराठीत येतच नाही. मासा मात्र येतो, आणि तो जास्त धारदार आहे. बॉस्टनच्या विधानसभेत लाकडी कॉड मासा मानाने टांगलेला आहे. त्या प्रांताची जुनी श्रीमंती त्याच्यावर उभी राहिली. म्हणजे त्यांचाच मान वास मारत त्यांच्या अंगावर. कॉर्नेलची पोरं 'आम्ही खुराड्यातले नाही' असं म्हणालीच नाहीत.

कोलगेट नावाच्या विद्यापीठाचा संघ येतो तेव्हा टूथपेस्टच्या ट्यूबा पडतात. ही नुसती कोटी. पण ते नाव खरंच त्या साबणवाल्या घराण्यावरून पडलंय, आणि आमच्या घरी कुठल्याही पेस्टला कोलगेटच म्हणत, त्यामुळे मला ती फारच आवडली.

आत पाहुण्या खेळाडूंची नावं पुकारायला लागले तशी सगळ्यांनी वर्तमानपत्रं उघडून तोंडापुढे धरली. वाचत असल्याचं सोंग. मग त्याच कागदांचे बोळे. ध्वनिक्षेपकावरून बजावलं जात होतं की काही फेकलंत तर शिक्षा यजमान संघाला होईल. म्हणजे फेकणारा सुटणार आणि ज्याच्यासाठी फेकलं त्याचा एक खेळाडू दोन मिनिटं बाहेर. हार्वर्डवाले बर्फावर उतरले आणि मासे उडाले. भाच्याचा काचेवर आपटून आमच्याच बाजूला पडला. थोड्या वेळाने माणसं फावडी घेऊन आली.

ईडन गार्डन्सवर १३ मार्च १९९६ला बाटल्या पडल्या होत्या, भारत ८ बाद १२०, आणि सामना श्रीलंकेला दिला गेला. त्या बाटल्यांमध्ये नुसता राग होता. इथे सगळे हसत होते. मला मात्र हसू येईना.

माझं एम. ए. तौलनिक साहित्यात, घरापासून लांबच्या एका शहरात. माझे वडील, आप्पा, बार्शीकडे कृषी सहायक होते. हे वर्गात कळल्यावर पाऊस आला की कुणीतरी हमखास विचारायचं, काय, पेरण्या झाल्या का? सगळे हसायचे, मीही हसायचे. पुढे पुढे वडील काय करतात म्हटलं की मी 'सरकारी नोकरीत' एवढंच सांगायला लागले. एका जानेवारीत आप्पा हुरडा घेऊन आले. रात्रभराचा प्रवास करून. तुझा विभाग बघू म्हणाले. मी म्हटलं, आज बंद आहे. स्टेशनजवळ जेवलो, संध्याकाळच्या गाडीने ते परत गेले. हुरडा मी खोलीवर एकटीने खाल्ला.

तो बुधवार होता.

सामन्यानंतर घरी येऊन फोन लावला. तिकडे सकाळ झालेली. कोंबडीचं सांगितलं, माशांचं सांगितलं, आणि बोलता बोलता ते बुधवारचंही सांगून टाकलं. पलीकडून चमच्याचा आवाज येत होता, चहा ढवळत असावेत.

"बुधवारी विद्यापीठ बंद नसतं, एवढं कळतं मला," आप्पा म्हणाले. मग थोडं थांबून, "त्या माशांचं पुढं काय करतात?"

"माहीत नाही. फावड्यानं गोळा करून नेले."

"कुजवत असतील. मासळीचं खत नारळाला फार मानवतं. तिथं नारळ नसेल म्हणा. पण शेतकी कॉलेज आहे म्हणतेस, तर कुणीतरी करत असेल. विचार त्याला."

भाचा कोट बाथटबमध्ये घालून घासत बसला होता. मी दारातूनच विचारलं.