पहिली आंबील

घरच्या घरी बीअर करावयाची, तर पहिल्या खेपेस कोणती कृती निवडावी, या प्रश्नावर पाश्चात्त्य देशांतील हौशी मंडळी तासन्‌तास वाद घालतात. इंग्लंडात १९६३ साली त्यासाठीचा परवाना रद्द झाला. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १९७८ साली मुभा दिली. या मंडळींत दोन पंथ आहेत. एक पंथ डब्यातला तयार अर्क आणून पाण्यात कालवतो. दुसरा जवाला मोड आणून, तो वाळवून, भरडून, कढत पाण्यात मुरवून, अगदी दाण्यापासून आरंभ करतो. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, आणि आमच्या घरी आजी आहे! तेव्हा माझी धाव आंबिलीपर्यंतच. पण पंथ मात्र दुसरा. पुडीतले पीठ नको, दाण्यापासून सुरुवात.

दाणा म्हणजे नाचणी. म्हसळ्याच्या आसपासच्या डोंगरउतारांवर, वरकस जमिनीत, पावसाळ्यात तिची लावणी होते. ‘होते’ म्हणताना जीभ थोडी अडखळते. गावोगावची माणसे मुंबईला आणि आखातात गेली. उतारावर गवत माजले. आमच्या घरीही यंदा पेरणी झाली नाही. कणगीच्या तळाशी उरली होती ती एक पायली. निम्मी बियाण्यासाठी राखायची, हे आजीने आधीच बजावले होते. उरलेल्या निम्म्यात मला पहिली आंबील करावयाची होती. दाणे मोजके असले की कृती निवडणे हा पोरखेळ राहत नाही.

कृती तीन मिळाल्या. शेजारच्या काकी नाचणीला मोड आणतात, सावलीत वाळवतात आणि मग दळतात. मोड येताना दाण्यात एक द्रव्य तयार होते. ते पिठातल्या पिष्टाची साखर करते. म्हणून ती आंबील पातळ आणि गोडसर होते. बीअरसाठी जवाला मोड आणतात तेही याचसाठी. सोलापूरकडच्या मावशी ज्वारीचे पीठ ताकात भिजवतात. तिथे विरजणाचे काम ताक करते. आजीची रीत सर्वांत साधी. नाचणी जात्यावर दळावी, वाटीभर पीठ मडक्यात पाण्यात कालवून रात्रभर ठेवावे, सकाळी मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात धार धरून ढवळावे, निवल्यावर ताक आणि ठेचलेली लसूण घालावी. बस्स.

“किती वेळ आंबवायचं?” मी विचारले.

“नाकाला विचार,” आजी म्हणाली.

दूध आंबवणारे सूक्ष्म जीव पाश्चरने १८५७ साली ओळखले. आजीच्या नाकाला त्यांची ओळख त्याआधीच्या कैक पिढ्यांपासून आहे.

मी आजीची कृती निवडली. त्यात भक्ती होती हे खरे. पण केवळ भक्ती नव्हती. पहिल्या खेपेस जिन्नस जितके कमी, तितके शिकणे सोपे. मोड, वाळवण, ताकाचा आंबटपणा एवढे सगळे एकत्र आले, तर चव कशाने आली ते कळायचे कसे? साध्या कृतीत पीठ, पाणी आणि रात्र एवढे तिघेच. कोण काय करतो ते समजते. काकींची रीत दुसऱ्या खेपेस, मावशींची तिसऱ्या.

सकाळी मडक्याचे झाकण काढले. वर बारीक बुडबुडे होते. वास आंबूस, पण स्वच्छ. शिजवून वाटी आजीच्या हाती दिली. तिने दोन घोट घेतले, थोडे मीठ मागितले आणि वाटी रिकामी केली. स्तुती नाही, टीका नाही.

मात्र आता तिसऱ्या खेपेपुरतेही दाणे नाहीत. कृती पाठ झाली तरी दाणा नसेल तर ती वहीतच राहायची. म्हणून राखलेल्या बियाण्याचा राब येत्या पावसाळ्यात कोणत्या तुकड्यावर करायचा, याची चौकशी मी चालवली आहे. कृती निवडण्याची खरी सुरुवात तिथून होते, असे मला आता वाटू लागले आहे.