बाळंतपण आणि मन

मराठीत आई म्हणते, ‘यंदा लेकीचे बाळंतपण केले.’ प्रसूत होते लेक, पण या वाक्यातली कर्ती असते आई. आपल्या भाषेने फार पूर्वीच हे ठरवून टाकले आहे की बाळंतपण ही एकटीने उरकायची गोष्ट नव्हे, ते दुसऱ्या कोणीतरी करायचे असते. बाळंतिणीने फक्त करवून घ्यायचे. या एका क्रियापदात आपल्या समाजाचे केवढे शहाणपण साठवलेले आहे, आणि त्यात काय राहून गेले आहे, याचा विचार अलीकडे आमच्या मनात वारंवार येतो.

खासबाग, शहापूर, वडगाव या मागांच्या खडखडाटात वाढलेल्या आमच्या पिढीने हे ‘करणे’ जवळून पाहिले आहे. सातव्या महिन्यात ओटीभरण आणि डोहाळजेवण होई. मग मुलगी माहेरी येई. बाळ जन्मल्यावर घरातली एक खोली बाळंतिणीची होई. शेकशेगडी, ओव्याची धुरी, तेल लावून कढत पाण्याची आंघोळ, बाळंतकाढा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, जेवणानंतर बाळंतशेपेचा विडा. सव्वा महिना तिने कामाला हात लावायचा नाही, बाळ झोपले की तिनेही झोपायचे. आज्या, मावश्या, शेजारणी आळीपाळीने उशाशी बसत. खोली कोंदट असे, काही समजुती चुकीच्याही असत, पण भरपूर झोप, गरम अन्न, कामातून सुटका आणि माणसांची सोबत या चार गोष्टी तिला न मागता मिळत. आज मनोविकारतज्ज्ञ नव्या आईसाठी जे सांगतात, त्यात याच चार गोष्टी आरंभी येतात.

आपल्या जुन्या वैद्यकालाही मनाचा विसर पडला नव्हता. चरकसंहितेत गर्भ टिकविणाऱ्या गोष्टींमध्ये मनाच्या प्रसन्नतेला श्रेष्ठ स्थान दिले आहे, आणि तेलाने काठोकाठ भरलेले भांडे जसे जपून न्यावे तसे गर्भिणीला जपावे असे सांगितले आहे. आयुर्वेदाने तिला दोन हृदयांची मानले आणि तिच्या डोहाळ्यांचा अव्हेर करू नये असे बजावले. गर्भवतीला काय हवे हे विचारण्याची रीत त्यातून घरोघर रुजली. मात्र बाळ जन्मले की हे विचारणे थांबे. डोहाळे पुरवून झाले, आता सगळी चौकशी बाळाची. दूध पुरते का, रडते का, बाळसे धरले का? बाळाच्या आईला काय वाटते, हा प्रश्न त्या शेकशेगडीच्या खोलीत फारसा कोणी आणत नसे.

मग तिच्या मनाला काही झाले तर काय होई? त्याला नावे होती, पण ती आजाराची नव्हती. दृष्ट लागली, बाहेरचे झाले, सटवाई कोपली, नाहीतर सरळ ‘नखरे करते’. आमच्या लहानपणी ‘अमक्याच्या सुनेला धारवाडला नेले’ असे कोणी हलक्या आवाजात म्हटले की ऐकणारे पुढे काही विचारत नसत. धारवाडला मनोरुग्णांसाठी ब्रिटिश काळापासून रुग्णालय आहे. त्या गावाचे नाव घेतले की घराण्याची अब्रू गेली असे वाटे, म्हणून जिला न्यायला हवे तिलाही नेले जात नसे.

आज वैद्यकशास्त्र या बाबतीत तीन गोष्टी वेगळ्या करून सांगते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीचच डोळे भरून येणे, चिडचिड होणे हे निम्म्याहून अधिक आयांच्या वाट्याला येते. शरीरातील संप्रेरके एकदम उतरतात, झोप तुटते, त्याचा तो परिणाम असतो. साधारण पंधरवड्यात तो आपोआप ओसरतो. दुसरी गोष्ट नैराश्याची. उदासी पंधरा दिवसांहून अधिक टिकते, बाळ झोपले तरी आईला झोप येत नाही, कशातच मन लागत नाही, आपण आई व्हायला नालायक आहोत असे वाटत राहते, कधी जीव द्यावासा वाटतो. हे गरोदरपणातही सुरू होऊ शकते. तिसरी गोष्ट विरळा, हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला होणारी, पण सर्वांत धोक्याची. पहिल्या एक-दोन आठवड्यांत अचानक भ्रम होतो, भास होतात, बोलणे असंबद्ध होते. तेथे दिवसाचाही विलंब परवडत नाही. तिन्हींत त्या बाईचा दोष काडीचाही नसतो आणि तिन्ही बऱ्या होतात. सन १८५८ मध्ये फ्रान्समधील लुई व्हिक्टर मार्से या वैद्याने गरोदर आणि बाळंतिणींच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, म्हणजे हे फॅड आजकालचेही नव्हे.

आमच्या नात्यातील एक मुलगी काही वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणासाठी खासबागेत माहेरी आली होती. मुलगा झाला, पेढे वाटले, बारसे थाटात झाले. तिसऱ्या आठवड्यात तिची झोप उडाली. बाळाला पाजी, पण त्याच्या तोंडाकडे पाहत नसे. आईने दृष्ट काढली, कोणी अंगारा आणून दिला. मुलीची आत्या निवृत्त परिचारिका. ती भेटायला आली, सगळ्यांना बाहेर पाठवून शेजारी बसली आणि म्हणाली, ‘‘मनात काय काय येतं गं बाळ तुझ्या? वाईट आलं तरी सांग. तुला विचारल्याशिवाय मी कुणाला बोलणार नाही.’’ पहिल्या दिवशी मुलगी नुसती रडली. दुसऱ्या संध्याकाळी बोलली, ‘‘आत्या, ह्याला दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात टाका. माझ्याजवळ राहिला तर त्याचं वाईट होईल असं सारखं वाटतंय. मीच नसले तर बरं.’’

आत्याने ‘असे अभद्र बोलू नये’ म्हटले नाही. त्या रात्री तिने आपले अंथरूण त्या खोलीत घातले, मुलीच्या संमतीने जावयाला बोलावून घेतले आणि सकाळी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. घरात विरोध झाला. सासरी कळले तर मुलीला परत पाठवतील, ही आईची भीती अगदी खरी होती. पण डॉक्टरांनी अंगावर पाजताना चालतील अशी औषधे दिली, बोलणे-ऐकणे चालू ठेवले, रात्रीचे पाजणे सोडून बाकीचे सारे आत्या आणि जावयाने वाटून घेतले. चार-पाच महिन्यांत मुलगी सावरली. आज तो मुलगा शाळेत जातो. दोन जीव वाचले, ते एका साध्या प्रश्नामुळे.

आपल्या बेळगाव जिल्ह्याने बाळंतिणीचा जीव वाचविण्याचे एक मोठे काम करून दाखविले आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह २००२ ते २००५ या काळात जिल्ह्याच्या खेड्यांतील १६२० बाळंतिणींचा अभ्यास केला. खेड्यातील परिचारिकांनी बाळंत होताच मिसोप्रोस्टॉल ही स्वस्त गोळी दिल्यावर अतिरक्तस्राव होणाऱ्यांचे प्रमाण १२ टक्क्यांऐवजी ६.४ टक्के राहिले. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झाले. बेळगावच्या खेड्यांतून निघालेले ज्ञान जगभर गेले. रक्त वाहताना दिसते, मोजता येते, म्हणून त्यावर उपाय झाला. मन झिरपते ते दिसत नाही. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे आम्हांस एक कळले आहे की नोंदवहीत ज्याला रकाना नाही, ते नाहीच असे धरले जाते. घरातल्या लेकीसुनांच्या तपासणीच्या कागदांवर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सारे आम्ही वाचले. झोप लागते का, रडू येते का, याची नोंद मात्र आमच्या पाहण्यात आली नाही.

वास्तविक हेही मोजता येते. १९८७ मध्ये एडिंबरो येथे दहा प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली तयार झाली. गेल्या सात दिवसांत हसू आले का, विनाकारण धास्ती वाटली का, झोप उडाली का, असे ते प्रश्न. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. घाट उतरून गेल्यावर येणाऱ्या आपल्या शेजारच्या गोव्यात, म्हापशात, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा कोंकणी अवतार वापरून आयांची पाहणी केली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे २३ टक्के आया नैराश्याने ग्रासलेल्या आढळल्या. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी जन्मणे यांचा त्याच्याशी संबंध दिसला. मुलगी झाली म्हणून उतरलेली घरच्यांची तोंडे आईच्या काळजात कशी शिरतात, याचा तो पुरावाच. पुढे गोव्यातच गावातल्या साध्या बायकांना ‘सखी’ म्हणून शिकवून गरोदर स्त्रियांच्या घरी पाठविले गेले. नैराश्यातून बाहेर येणाऱ्यांचे प्रमाण त्याने वाढल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. उशाशी बसणारी मावशी आपल्याकडे होतीच, तिला काय विचारायचे आणि केव्हा डॉक्टरांकडे न्यायचे एवढेच शिकवायचे होते. विचारायचे तेही बाईच्या भाषेत. आपल्या गावात कन्नड आणि मराठी दोन्ही कानांवर असतात, बाजारहाट कोणत्याही भाषेत होतो, पण असले दुःख माणूस ज्या भाषेत आईला हाक मारतो तिच्यातच सांगू शकतो.

बापाची गोष्ट तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते. वर सांगितलेला जावई पुढे आम्हांस म्हणाला, ‘‘काका, त्या दिवसांत मलाही झोप नव्हती, पण सांगणार कुणाला?’’ २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार दहा बापांतील सुमारे एक जण या काळात नैराश्यातून जातो, आणि आई खचलेली असेल तर बाप खचण्याचीही शक्यता वाढते. आपल्या रीतीत बाप बारशाला येणारा पाहुणा. आता पुण्याला किंवा बेंगळूरला दोघेच राहणारी जोडपी, महिनाभरासाठी आलेली आजी, तीही गुडघेदुखीची. अशा घरात बाप पाहुणा राहून कसे चालेल?

सोयी आज पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. बेंगळूरच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा तोडू नये असे ठरविले. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. कमी आहे ती घरच्यांनी तोंड उघडण्याची.

शेकशेगडी गेली, तिच्यासाठी हळहळण्याचे कारण नाही. पण बाळंतपण ‘करायचे’ असते ही जाण जाता कामा नये. आता त्या करण्यात एका कामाची भर घालावी. बारशाला आलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्याने पाळण्यात डोकावण्याआधी बाळाच्या आईजवळ दोन मिनिटे बसावे आणि विचारावे, ‘‘तू कशी आहेस? झोप लागते का?’’ मग उत्तर येईपर्यंत उठू नये. जावई दारात उभा असेल तर त्यालाही तेच विचारावे.