तापलेली गाडी

आजीला डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी बेळगावला न्यायचे होते. वैशाखातली दुपार. मालवणहून निघालेली आमची जुनी मोटार दाणोली सोडून आंबोलीचा घाट चढू लागली आणि तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. बाबा घाईघाईने उतरून रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच मागच्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "झाकान उघडू नकात! आधी थंड होवंदे."

दाबाखालचे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण काढताच मात्र वाफ होऊन उसळते, हे मी शाळेत शिकलो होतो. वेळेवर आठवले नाही, एवढेच!

अर्ध्या तासाने त्याने पाहणी केली. पंख्याचा पट्टा घट्ट होता, गळतीही नव्हती. रेडिएटरची वरची नळी अजून गरम, खालची मात्र गार. "पाणी आत फिरत नाय," तो म्हणाला. जाड फडके धरून झाकण काढले, तर आत पांढरी पुटे चढलेली.

"खंयचा पाणी घालतास?"

"घरच्याच विहिरीचे," बाबा ओशाळून म्हणाले.

आमची विहीर समुद्रालगतची. उन्हाळ्यात तिचे पाणी मचूळ होते. त्या क्षारांनीच रेडिएटर चोंदला होता. ट्रकमधले गोडे पाणी भरून, थांबत थांबत आम्ही घाट चढलो. बेळगावात रेडिएटर साफ करून घेतला.

आता पावसाचे पाणी आम्ही गाडीसाठी साठवून ठेवतो. आजी हसून म्हणते, "माझ्या डोळ्यार पडदो नि गाडयेच्या पोटात खार. दोनय एकदाच गेले!"