तळवड्यात रेंज शोधताना

आयटी पार्कच्या काचेच्या बिल्डिंगा खिडकीतून दिसतात, पण इंटरव्ह्यूचा व्हिडिओ मात्र जागचा हलत नाही! जिना, स्लॅब आणि टेम्पोच्या बॅटरीसकट केलेली ही एका घरातली भटकंती...

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकातून निघालं, रूपीनगर मागे टाकलं की तळवडे लागतं. एकीकडे देहू, पलीकडे चिखली, मागच्या अंगाला इंद्रायणी. १९९७ साली आसपासच्या गावांबरोबर तळवडेही पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. मग आयटी पार्क आला, कंपनीच्या बसेस आल्या आणि त्यांच्यामागोमाग भाड्याच्या खोल्या शोधणारे माझ्यासारखे लोक आले. सकाळी नऊ वाजता चहाच्या टपरीवर उभं राहा. गळ्यात आयकार्ड अडकवलेला इंजिनिअर आणि हाताला ऑइल लागलेला लेथ ऑपरेटर एकाच किटलीतलं कटिंग पिताना दिसतील. हे आपलं तळवडे!

मी राहते गावठाणाच्या कडेला, पहिल्या मजल्यावर. घरमालक काकांचं ज्योतिबानगरात छोटं वर्कशॉप आहे. त्यांची मुलगी नुकतीच इंजिनिअर झाली. घरातली पहिलीच. अभ्यास करते गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, कारण शांतता फक्त तिथेच. गेल्या महिन्यात तिचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, कंपनी इथलीच, घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. तिसऱ्या प्रश्नाला स्क्रीन गोठली. ती बोलत राहिली आणि समोर कुणालाच काही ऐकू गेलं नाही. रडून डोळे सुजवून खाली आली आणि म्हणाली, ''ताई, मला उत्तर येत होतं गं.''

कंपनीने भलेपणाने दुसरी तारीख दिली. हातात सहा दिवस. मी जर्नलिस्ट, नेटवर्क इंजिनिअर नव्हे. पण माझं पोटही याच वायफायवर चालतं. म्हटलं, चल, शोधूया!

आधी दोष कुणाचा?

आपण सगळे पहिल्यांदा काय करतो? नेटवाल्याला फोन करून भांडतो. थांबा! लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड बघा. आम्ही बघितला, तर चक्क पूर्ण! म्हणजे घरापर्यंत येणारी लाइन ठणठणीत, घोळ पुढच्या हवेतल्या प्रवासात.

मग मोबाइलवर सिग्नल मोजणारं फुकटचं अॅप घेतलं आणि निघालो घरातल्या घरात सहलीला. सिग्नल मोजतात डीबीएममध्ये, तोही उणे आकड्यात. शून्याच्या जितकं जवळ, तितकं बरं. राउटरशेजारी उणे ४०. जिन्यात उणे ६२. पत्र्याच्या खोलीत उणे ८२! फंडा असा, की दर तीन आकड्यांना ताकद निम्मी होते. त्या हिशेबाने वर पोचेपर्यंत सिग्नल जवळपास सोळा हजार पटींनी बारीक झाला होता. व्हिडिओ कॉलला उणे ६७च्या आसपास तरी हवा.

कपाट, सळई आणि टाकी

राउटर होता कुठे? हॉलच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटावर, पत्र्याच्या ट्रंकेमागे. का? तर नातवाचा हात पोचू नये म्हणून. धातू या लहरी परतवून लावतो, म्हणजे बिचारा राउटर दोन्ही बाजूंनी कोंडलेला.

त्यावर काकांचा स्लॅब. ''वर आणखी दोन मजले चढवायचेत, म्हणून सळई हेवी टाकलीय,'' काका अभिमानाने म्हणाले. घरासाठी उत्तम, वायफायसाठी जाम वाईट! जिन्याच्या तोंडाशी पाण्याची भरलेली टाकी. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात बऱ्याच शोषल्या जातात. आणि शेवटी डोक्यावर पत्रा.

कमी होतं म्हणून शेजार! फोनवर एकूण चौदा वायफाय दिसत होती, बहुतेक सहा नंबरच्या चॅनलवर. २००५ साली सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि तो सगळ्यांचा झाला. पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. एकाच टपरीवर चौदा जणांनी एकदम ऑर्डर दिली, तर चहा कुणाला वेळेवर मिळणार?

गंमत बघा. इथून चाकण, राजगुरुनगर करत नाशिक रस्त्याने वर गेलं की नारायणगावजवळ खोडद येतं. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना. जागा निवडताना एक मोठा मुद्दा होता रेडिओचा गोंगाट कमी असण्याचा. एकाच जिल्ह्यात, तिकडे आकाशगंगांची कुजबुज ऐकतात आणि इकडे जिन्याच्या वर सिग्नल चढत नाही!

केबल बाबा की जय

पहिल्या दिवशी राउटर कपाटावरून उठवून जिन्याजवळ, उंचावर लावला. चॅनल ११ केला. एक अँटेना आडवी केली, कारण काडीसारखी अँटेना टोकातून नाही, तर अंगाच्या चहूबाजूंनी सिग्नल फेकते. वरच्या मजल्यासाठी ती आडवीच बरी. गच्चीवर उणे ७३. बरं, पण इंटरव्ह्यूला पुरेसं नाही. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, गर्दीही कमी, पण स्लॅबपुढे तो आणखी लवकर दमतो.

रिपीटर घ्यायचा? साधा रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच रेडिओवर, त्यात वेग निम्म्यावर येतो. शेवटी जुन्या केबल टीव्हीच्या पाइपातून वीस मीटर लॅन केबल वर नेली आणि टोकाला माझा जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून बसवला. पत्र्याच्या खोलीत उणे ४५! काकूंनी आनंदाने शिरा केला.

आणि मग आला गुरुवार

इंटरव्ह्यू अकराला. गुरुवार म्हणजे इथल्या एमआयडीसीची सुट्टी, म्हणून दुरुस्तीसाठी लाइट जायचा वारही बहुधा तोच. मी हुशारीने वरच्या राउटरला छोटा यूपीएस लावून ठेवला होता. सव्वादहाला लाइट गेली. वरचा राउटर चालू, नेट मात्र गायब! खालचा राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बंद पडले होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चूक सर्वस्वी माझी.

काका दारात उभे होते. ''किती व्होल्टचं आहे गं हे?'' दोन्ही डब्यांवर छापलं होतं, १२ व्होल्ट. काका काही न बोलता बाहेर गेले आणि टेम्पोची बॅटरी उचलून घेऊन आले. वर्कशॉपच्या पोराने प्लस-मायनस मीटरने दोनदा तपासून वायर जोडली. (तुम्ही मात्र हा प्रयोग करू नका, मिनी यूपीएस विकत घ्या.) दहा पन्नासला हिरवा दिवा लागला.

चाळीस मिनिटं काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून होते, बॅटरीवर हात ठेवून. वरून तिचा आवाज येत होता. एकदाही अडखळला नाही.

परवा मेल आला. पुढची फेरी प्रत्यक्ष, ऑफिसात. काका विचारत होते, ''तिथं रेंज असते ना गं नीट?''

जाता जाता...

- आधी लॅन केबलने तपासा : दोष लाइनचा की वायफायचा?
- राउटर उघड्यावर, उंच आणि घराच्या मध्याशी ठेवा. कपाट, टाकी, आरसा यांपासून लांब.
- २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११, ज्यावर गर्दी कमी असेल तो.
- स्लॅब ओलांडायचा असेल तर केबलला पर्याय नाही.
- बॅकअप राउटरला आणि फायबरच्या डब्याला, दोघांनाही!