शनिवारचें भाकीत

आमच्या कोल्हापुरास फुटबॉल नवीन नाहीं. ज्या तालमींच्या लाल मातींत पैलवान घडले, त्याच तालमींनीं पुढें फुटबॉलचे संघ उभे केले. आणि पाटाकडील तालीम मंडळ व शिवाजी तरुण मंडळ यांची शाहू स्टेडियमवर गांठ पडावयाची असली म्हणजे पेठापेठांतून दुसरा विषय नसतो. अशा गांवांत वाढलेल्या आम्हां सहा वर्गमित्रांनीं सामन्यांचे निकाल अगोदर वर्तविण्याचा खेळ मांडला, आणि त्यासाठीं मात्र सातासमुद्रांपलीकडील इंग्लंडचे सामने निवडले, हें ऐकून आमचीं वडीलधारीं माणसें प्रथम हंसलीं. “घरचें सोडून परक्याची उठाठेव कशाला?” असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

त्याचें उत्तर असें. आम्ही सहाजण चार निरनिराळ्या पेठांतले. आरंभीं येथल्याच सामन्यांवर भाकितें लिहून पाहिलीं. पण पहिल्याच आठवड्यांत अडचण उभी राहिली. ज्याचें घर ज्या तालमीच्या सावलींत, त्याची लेखणी त्या तालमीचा पराभव लिहीना! “हात तुटला तरी लिहिणार नाहीं,” असें एकानें साफ सांगितलें. आणि दुसऱ्यानें त्याच्या संघावर तीन गोल चढविले तेव्हां दोघांचें बोलणें दोन दिवस बंद पडलें. जेथें निष्ठा बोलूं लागते तेथें अनुमान मुकें होतें. तेव्हां ज्या मैदानावर आमच्यापैकीं कोणाचीच पेठ खेळत नाहीं असें मैदान शोधणें भाग पडलें.

इंग्लंडची प्रीमियर लीग १९९२ सालीं सुरू झाली. सध्यां तींत वीस संघ असून प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येकाशीं एकदां आपल्या व एकदां त्याच्या मैदानावर खेळतो. म्हणजे प्रत्येकाचे ३८ व सर्व मिळून ३८० सामने होतात. ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत बहुतेक आठवड्यांच्या अखेरीस दहा सामने ठरलेले. तेथें शनिवारीं दुपारीं तीन वाजतां चेंडू मध्यावर ठेवतात, तेव्हां आपल्याकडे हिवाळ्यांत रात्रीचे साडेआठ झालेले असतात व उन्हाळ्यांत साडेसात. त्यामुळें गृहपाठ आटोपून निकालाची वाट पाहतां येते. अभ्यासाचा खोळंबा होत नाहीं. आईबाबांची संमति मिळविण्याच्या कामीं हा मुद्दा फार उपयोगी पडला.

खेळाचे नियम आम्हीं दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर लिहून काढले. शुक्रवारीं मधल्या सुट्टींत प्रत्येकानें दहाही सामन्यांचे गोल शाईनें लिहावे. खाडाखोड दिसल्यास तें भाकीत बाद. कोण जिंकणार किंवा बरोबरी होणार, एवढेंच खरें ठरल्यास एक गुण. गोलसंख्या तंतोतंत जुळल्यास तीन. सोमवारीं बेरीज करावी. ज्याचे गुण सर्वांत कमी त्यानें पुढील आठवड्याचें पान आंखून द्यावें. ज्याचे सर्वांत अधिक त्यास इतर पांचांनीं मिळून एका ओळीचा शेरा लिहून द्यावा. बक्षीस एवढेंच.

शाईचा नियम कोणास जाचक वाटेल, परंतु सगळ्या खेळाचा प्राण त्यांतच आहे. सामना संपल्यावर “मला वाटलेंच होतें” असें म्हणणाऱ्यांची जगांत वाण नाहीं. आमच्या मंडळांतही ती नव्हती. मनुष्याची स्मृति मोठी खुशामतखोर असते. जें घडलें तेंच आपण योजिलें होतें, असें ती हळूच कानांत सांगते, आणि आपणही आनंदानें मान डोलावतों. वही असें कांहीं सांगत नाहीं. शुक्रवारीं काय लिहिलें तें ती सोमवारीं जसेंच्या तसें पुढें करते. दुसऱ्या महिन्यापासून “मला वाटलेंच होतें” हें वाक्य आमच्यांतून नाहींसें झालें, त्याच्या जागीं “पान काढ पाहूं!” हें आलें.

आमच्यापैकीं जो हिशेबी, तो प्रत्येक संघाच्या मागील पांच सामन्यांचे गोल मांडून मगच आंकडा लिही. जो भाविक, त्यास लिव्हरपूलचा संघ हरतो हें मुळीं मान्यच नव्हतें. पेठ सोडून आला तरी भक्ति मात्र तो बरोबर घेऊन आला होता. जो लहरी, तो वारापाऊस आणि सदऱ्यांचे रंग पाहून लिही. एक मितभाषी होता. तो सर्वांच्या शेवटीं वही घेई, दोन मिनिटांत पान भरी आणि कारण कधींच सांगत नसे. उरलेले दोघे या चौघांच्या मध्यें कोठें तरी.

एके दिवशीं गणिताच्या सरांनीं ती वही पाहिली. रागावतील असें वाटलें होतें. पण त्यांनीं आम्हांस एक सातवा गडी दिला. ते म्हणाले, “याला फुटबॉलमधलें कांहींएक कळत नाहीं. प्रत्येक सामन्यांत यजमान संघ २–१ असा जिंकेल, एवढेंच हा दर आठवड्यास लिहील. याला मागें टाकलेंत, तर तुम्हांला खेळ कळतो असें मी म्हणेन.” या गड्याचें नांव आम्हीं दगडोबा ठेविलें. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत दगडोबा दुसऱ्या क्रमांकावर होता! हिशेबी मित्राच्या तोंडचें पाणी पळालें.

सरांनीं मग त्याचें मर्म उलगडून सांगितलें. आपल्या मैदानावर, आपल्या माणसांच्या गजरांत खेळणाऱ्या संघास थोडें अधिक बळ येतें, आणि त्या देशांत चौथ्या हिश्श्याच्या आसपास सामने बरोबरींत सुटत असले तरी उरलेल्यांत यजमानांचे विजय सामान्यतः अधिक असतात. दगडोबा नकळत त्याच बळावर बसला होता. २०२०–२१ सालीं महामारीमुळें प्रेक्षागारें जवळजवळ ओस होतीं, तेव्हां पाहुण्या संघांचे विजय यजमानांच्या विजयांहून अधिक झाले. माणसांच्या आरोळ्यांनीं चेंडू ढकलला जात नाहीं हें खरें. पण त्या नसल्या म्हणजे घर हें घर राहत नाहीं, असें त्या आंकड्यांवरून दिसतें.

गोल नेमके किती होतील हें सांगणें तर त्याहून कठीण. प्वासाँ या फ्रेंच गणित्यानें १८३७ सालच्या आपल्या ग्रंथांत विरळ घटनांची संभाव्यता मोजण्याची रीत मांडली. १९८२ सालीं एम. जे. माहर यांनीं प्रत्येक संघाच्या आक्रमणाचें व बचावाचें बळ मोजून त्याच रीतीनें सामन्यांचे गोल मांडून दाखविले. सरांनीं फळ्यावर एक उदाहरण केलें. यजमानांची सरासरी दीड गोलाची असेल, तर त्यांनीं एकही गोल न करण्याचा संभव शंभरांत सुमारें २२, एक करण्याचा ३३ आणि दोन करण्याचा २५. पाहुण्यांची सरासरी १.२ धरली, तर सर्वांत संभाव्य निकाल १–१ असा येतो. आणि त्याचाही संभव शंभरांत अवघा १२! म्हणजे जगांतील सर्वांत शहाण्या मनुष्यानें सर्वांत शहाणें भाकीत केलें तरी तें शंभरांत ८८ वेळां चुकावयाचें. हें समजल्यापासून आमच्यांतील चिडचिड बरीच कमी झाली. ज्ञान मनुष्यास भविष्य सांगत नाहीं, परंतु किती खात्रीनें बोलावें हें मात्र सांगतें.

आणि जें शंभरांत एकदांही घडूं नये तेंही कधीं घडतें. २०१५ सालीं हंगामाच्या आरंभीं लेस्टर सिटी हा संघ अजिंक्य होईल यावर तिकडील पैजवाले एकास पांच हजार देण्यास तयार होते. १८८४ सालीं स्थापन झालेल्या या संघास तोंवर तें पद एकदांही लाभलें नव्हतें. ३८ सामन्यांत अवघे तीन हरून लेस्टर २ मे २०१६ रोजीं अजिंक्य ठरला. आमचा लहरी मित्र ही गोष्ट वारंवार सांगे. आणि हिशेबी तिला उत्तर म्हणून एवढेंच म्हणे कीं, ती सांगण्यासारखी वाटते, कारण ती एकदांच घडली.

याच सुमारास एकानें इंग्लंडांतील भाकितांच्या धंद्याची हकीकत वाचून आणली. १९२३ सालीं जॉन मूर्स यानें दोन सोबत्यांसह लिव्हरपूल शहरीं ‘लिटलवूड्स’ नांवाचा उद्योग काढला. मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाबाहेर चार हजार कूपनें वाटलीं. भरून परत आलीं अवघीं ३५. दोघे सोबती लवकरच बाहेर पडले. मूर्स टिकला आणि कोट्यधीश झाला. पुढें तर लक्षावधि कुटुंबें दर आठवड्यास थोडे पैसे लावून तीं कूपनें भरूं लागलीं. १९६३ च्या हिवाळ्यांत तिकडे एवढा बर्फ पडला कीं आठवड्यामागून आठवडे सामने तहकूब झाले. कूपनें तर भरलेलीं! तेव्हां जुने नामांकित खेळाडू व एक माजी पंच यांची समिति लंडनमध्यें बसविली, आणि जे सामने झालेच नाहींत त्यांचेही निकाल तिनें ठरविले. बाळाचा जन्म नाहीं, पण बारशाचें जेवण मात्र उठलें!

आम्ही पोट धरधरून हंसलों. परंतु त्या हंसण्यांतून एक सूचना निघाली. आपणही प्रत्येकीं दहा रुपये कां लावूं नयेत? आठवड्याचे साठ रुपये विजयी गड्यास मिळतील. दहा रुपयांनीं कोणी भिकेस लागत नाहीं. खेळास रंग चढेल. तिघांनीं ही सूचना उचलून धरली, दोघे कांकूं करीत होते. आमचा मितभाषी मित्र नेहमींप्रमाणें गप्प होता. सर्वांनीं त्याच्याकडे पाहिलें तेव्हां त्यानें वही मिटून ठेविली आणि तो म्हणाला, “आमचे आजोबा मटक्याचा आंकडा लावायचे. चार आण्यांपासून सुरुवात झाली होती म्हणे. आजीच्या हातांत आज पाटल्या नाहींत. त्या कुठं गेल्या हें घरांत कुणी विचारत नाहीं. मला वहींत लिहायला आवडतं. पैसे असतील तर मी लिहिणार नाहीं.”

सबंध वर्षांत त्याच्या तोंडून एवढीं वाक्यें एका वेळीं आम्हीं ऐकलीं नव्हतीं. त्यानंतर कोणीं मत घेतलें नाहीं व ठराव मांडला नाहीं. सूचना करणाऱ्यानेंच वही उघडून त्याच्या हातीं दिली.

पुढें कित्येक दिवस या गोष्टीचा विचार आमच्या मनांत घोळत राहिला. दहा रुपयांनीं काय बिघडलें असतें? रक्कम लहान होती हें खरें. पण तिच्यामुळें खेळाची दिशाच बदलली असती. आज मित्राचें भाकीत जुळलें कीं आम्ही टाळ्या वाजवितों, कारण त्याच्या शहाणपणानें आमचें कांहीं जात नाहीं. पैसा आला कीं त्याचा तंतोतंत आंकडा हीच आमची तूट. सोमवारची बेरीज मग मित्र म्हणून नव्हे, तर धनको व ऋणको म्हणून करावी लागली असती. आणि हरलेला पैसा परत मिळविण्याची ओढ चार आण्यांवर थांबत नाहीं, ही गोष्ट पुष्कळ घरांनीं सोसून जाणली आहे. २०२५ सालीं केंद्र सरकारनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला, तो अशाच हानीकडे बोट दाखवून. परंतु कायदा दाराबाहेरचा पहारेकरी आहे. मित्रमंडळींत नकार देणारें एक माणूस असावें लागतें.

मे महिन्यांत हंगाम संपला. शेवटचीं पानें सुट्टीमुळें मोबाईलवर पाठवावीं लागलीं, आणि तीं जून महिन्यांत वहींत उतरून घेतलीं. मितभाषी मित्र पहिला आला, हिशेबी दुसरा, लहरी तिसरा. आणि चौथा कोण? दगडोबा! सरांच्या कसोटीस आम्हां सहांपैकीं तिघेच उतरले. भाविकाचा क्रमांक येथें छापूं नये अशी त्याची विनंती आहे. विजयी मित्रास हंगामाचा शेरा लिहून देतांना बरीच चर्चा झाली. शेवटीं आम्हीं लिहिलें, “थोडें बोलला, पण वेळेवर बोलला.” त्यानें तें पान फाडून मागितलें, वहीचें पान फाडावयाचें नाहीं असा नियम असल्यामुळें तें सुंदर अक्षरांत उतरून दिलें. तें त्यानें घरीं आजीस वाचून दाखविलें, असें नंतर समजलें.

बालमित्रहो, तुम्हांसही असा खेळ मांडावासा वाटला तर अवश्य मांडा. फुटबॉलच पाहिजे असें नाहीं. पहिला पाऊस कोणत्या दिवशीं येईल, यावरही वही भरतां येईल. मात्र अनुमान शाईनें लिहा, बेरीज सर्वांसमक्ष करा, आणि बक्षीस असें ठेवा कीं जें दिल्यानें देणाऱ्याचें कांहीं कमी होत नाहीं. आमच्या जुन्या वहीचीं पानें संपलीं असून नवी आणली आहे. तिच्या पहिल्या ओळींत यंदा दगडोबाचें नांव घातलें आहे. कारण आपणांस किती कळतें हें ज्याच्याकडून समजतें, त्यास मान देणें हा शिष्टाचार आहे.