वेताळाचे डोळे

माणसाच्या कांहीं आवडी अशा असतात, कीं त्या चारचौघांत कबूल करण्यापेक्षां एखादें कर्ज कबूल करणें सोपें वाटतें. साठी उलटलेल्या गृहस्थानें आपणांस ज्ञानेश्वरी आवडते असें सांगितलें, तर ऐकणारे आदरानें मान डोलावतात. नाट्यसंगीत आवडतें म्हटलें, तर दोन बैठकींचीं आमंत्रणें येतात. पण जांभळीं तंग वस्त्रें घालून पांढऱ्या घोड्यावरून अरण्यांत हिंडणाऱ्या एका मुखवटेवाल्या इसमावर आपला जीव आहे असें त्यानें सांगितलें, तर घरचीं माणसें आधीं एकमेकांकडे पाहतात आणि मग त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहतात. आम्ही हा धोका पत्करून आज कबुली देत आहों.

हा इसम म्हणजे वेताळ. ली फॉक या अमेरिकन लेखकानें १९३६ सालीं वर्तमानपत्रांतल्या चित्रकथेंत त्याला जन्म दिला, तेव्हां त्याचें नांव फँटम होतें. १९६४ पासून मुंबईच्या इंद्रजाल कॉमिक्सनें त्याला आपल्याकडे आणलें, आणि मराठींत येतांना तो वेताळ झाला. हें बारसें ज्यानें केलें, त्याचे आम्ही जन्माचे ऋणी आहों. कारण त्या एका नांवामुळें आमच्या घराचा दरवाजा वेताळाला मोकळा झाला.

तें असें घडलें. इंद्रजालचा अंक आला कीं आमचे वडील बंधू, म्हणजे आमचा दादा, तो मोठ्यानें वाची, आणि आम्ही चित्रें पाहत असूं. कारण जोडाक्षरांशीं आमचें अजून जमलेलें नव्हतें. एका दुपारीं आजी निवडणटिपण करतां करतां ऐकत होती. हा पुरुष रात्रींबेरात्रीं अरण्यांत फिरतो, लोक त्याला चालतें भूत म्हणतात, आणि तो दीनदुबळ्यांचें रक्षण करतो, एवढें ऐकून तिनें सूप खालीं ठेवलें. “अरे, हा तर आमचा वेतोबा! याला वहाणा कोण देतो?” आजीचें माहेर वेंगुर्ल्याकडचें. त्याच तालुक्यांतील आरवलीचा वेतोबा रात्रीं गांवाची राखण करीत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला भल्या मोठ्या चामडी वहाणा वाहतात, ही गोष्ट तिच्या लेखीं रोजच्या व्यवहारांतली होती. साहेबाच्या वेताळाला बूट आहेत हें दादानें चित्रांत दाखविलें, तेव्हां कोठें तिचें समाधान झालें. पुढें इंद्रजालच्या अंकाला आमच्या घरीं कोणी नाक मुरडलें नाहीं.

या वेताळाचा चेहरा वाचकाला मात्र कधीं दिसत नसे. मुखवट्याला डोळ्यांच्या जागीं दोन पांढऱ्या चिरा असत. त्यांत बुबुळें नसत. शहरांत जातांना तो चौकड्यांचा ओव्हरकोट, टोपी आणि काळा चष्मा घाली. घरीं मुखवटा उतरविलाच, तर चित्रकार त्याला पाठमोरा तरी काढी, नाहीं तर सांवलींत बसवी. जो त्याचा उघडा चेहरा पाहील त्याला भयंकर मरण येईल, असें त्या अरण्यांत जुनें वचन होतें. आणि वाचकाच्या प्राणांची काळजी चित्रकार इमानानें वाही.

आम्हांस ही काळजी मानवली नाहीं. आठव्या वर्षीं, दादा शाळेंत गेला असतां, आम्हीं त्या दोन चिरांत पेन्सिलीनें एकेक बुबुळ काढलें. संध्याकाळीं दादानें तें पाहिलें. त्यानें आम्हांस मारलें नाहीं. मारलें असतें तर बरें झालें असतें. तो खोडरबर घेऊन बसला, आणि डावा डोळा पुसतां पुसतां कागदच फाटला. “वेताळाचे डोळे काढलेस,” एवढेंच तो म्हणाला, आणि दोन दिवस त्यानें आम्हांस कांहीं वाचून दाखविलें नाहीं. चित्रांत डोळे काढणें आणि एखाद्याचे डोळे काढणें यांना आपल्या भाषेंत एकच शब्द कां आहे, हें आम्हांस त्या दोन दिवसांत कळलें.

१९९६ सालीं अमेरिकेंत या फँटमवर चित्रपट निघाला. दोनएक वर्षांनीं त्याची कॅसेट दादाच्या हातीं लागली, तेव्हां त्यानें आम्हांस मुद्दाम बोलावून घेतलें. दोघेही संसारी, दोघांचेही केस पिकूं लागलेले. पण दादा कागद-पेन्सिल घेऊन दोष टिपण्याच्या तयारीनें बसला होता. वाचकांनीं हंसूं नये; लग्नाच्या याद्या करतांनाही आम्हीं इतकी दक्षता दाखविली नव्हती.

यादी झरझर वाढूं लागली. वेताळाची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी गेली होती आणि साऱ्या पोषाखावर कसलीशी नक्षी उमटली होती, हा पहिला दोष. रंग आमच्या ओळखीच्या जांभळ्यापेक्षां निराळा दिसत होता, हा दुसरा. पण चित्रपट पुढें सरकूं लागला तशी दादाची पेन्सिल मंदावली. कवटीची गुहा होती, पांढरा घोडा होता, लांडगा होता, शत्रूच्या जबड्यावर कवटीची खूण उमटविणारी अंगठी होती; आणि सायमन विन्सर या दिग्दर्शकानें हें सारें चेष्टेवारी न नेतां प्रेमानें मांडलें होतें. अमेरिकेंत चित्रपट फारसा चालला नाहीं, याचें आम्हांस तेव्हां वाईटच वाटलें.

पुढें आम्हीं या विषयावर जें कांहीं वाचलें, त्यानें तर आमची यादी पार निकालांत निघाली. फॉकच्या मनांत वेताळाचा पोषाख करडा होता. रविवारच्या रंगीत पानांत तो जांभळा छापला गेला. स्वीडनमधलीं मुलें निळ्या वेताळावर वाढलीं, इटलींतलीं तांबड्या वेताळावर. आणि त्यांतल्या प्रत्येकाला आपलाच रंग खरा वाटत असणार. फार काय, आमच्या वेताळाचा देश जो डेंकाली, तोही मुंबईच्या प्रकाशकांनीं केलेला फेरफार. मूळ कथेंत त्याचें नांव बेंगाला आहे. म्हणजे ज्याला आम्ही मूळ समजून चित्रपटाला नांवें ठेवीत होतों, तोच मुळीं भाषांतरित, नामांतरित आणि आजीनें वहाणांची चौकशी करून घरांत घेतलेला वेताळ! मुळाशीं इमान राखलें नाहीं, अशी तक्रार करण्याचा अधिकार आम्हांस कोठून असावा?

तरीही एक गोष्ट बोचली, ती बोचलीच. चित्रपटांत मुखवट्याच्या आड बिली झेन या नटाचे डोळे स्पष्ट दिसत होते, आणि नायक न्यूयॉर्कला गेला तेव्हां त्याचा सबंध उघडा चेहरा. चेहरा चांगला देखणा होता. नटाचा कांहीं अपराध नव्हता. चित्रकाराला कोरी जागा सोडतां येते, पण कॅमेऱ्यापुढें हाडामांसाचें माणूस उभें करावें लागतें, आणि त्याला डोळे असतातच. चित्रपट संपल्यावर दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बघ, तुझ्यासारखेंच झालें. यांनींही वेताळाचे डोळे काढले.” आम्ही दोघेही पोट धरून हंसलों. हंसूं ओसरल्यावर त्यानें सहज विचारलें, “तुझ्या वेताळाचा चेहरा कसा होता रे?”

“आतां आठवत नाहीं,” आम्ही म्हणालों.

तें खोटें होतें. ज्याच्या आवाजांत वेताळ बोलला, त्याचाच चेहरा आम्हीं लहानपणीं त्या मुखवट्याखालीं बसविला होता. आमचा वेताळ पहिल्यापासून दादासारखा दिसे. पण पन्नाशीकडे झुकलेल्या भावाला हें तोंडावर सांगण्याची रीत आमच्या घरांत नव्हती, आणि मागाहून सांगण्यास सवड आहे असें आम्ही समजून चाललों. दादाला जाऊन आतां तीन वर्षें झालीं.

त्याच्या मागें राहिलेल्या वस्तूंतून आम्हीं इंद्रजालचा गठ्ठा तेवढा मागून आणला. डाव्या डोळ्याशीं फाटलेला तो अंक त्यांत आहे. परवां आमचा नातू ती चळत चाळीत होता. “आजोबा, याला डोळेच नाहींत!” असें म्हणून त्यानें एका चांगल्या अंकावर पेन्सिल टेकविली. आमचा हात पुढें झाला होता, तो आम्हीं मागें घेतला, आणि त्याला विचारलें, कीं याचे डोळे कुणासारखे काढणार? त्यानें क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “बाबांसारखे.”

त्या अंकावरचा वेताळ आतां किंचित् तिरळा पाहतो. खोडरबर आम्हीं उंच फळीवर ठेवून दिला आहे.